सेहेचाळीस मिनिटांची काकू

पत्र

बाई, नमस्कार.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ३९. संक्रांतीनंतरच्या शनिवारी आमच्याकडची एक संस्था सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांच्या मदतीसाठी रिले धाव ठेवते आहे. मोझरीला गुरुकुंजातून रात्री आठला निघायचं, मग तळेगाव, आर्वी, खरांगणा, वर्धा करत सेवाग्रामला पोचायचं. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. टीम दहा जणांची, प्रत्येकाला पाच-पाच किलोमीटरचे दोन टप्पे. बॅटनच्या जागी पांढरा दुपट्टा एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

आमच्या टीममध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी नऊ पोरं आहेत आणि दहावी मी. माझ्या बहिणीची मुलगी एसएस आहे, म्हणजे तिला हा आजार आहे, म्हणून गावातून पहिलं नाव मीच दिलं. बचत गट, किराणा दुकान, कापूस वेचणाऱ्या बाया, असं दारोदार फिरून १८,४०० रुपये जमवले.

कॅप्टन पोरानं सगळ्यांच्या नावापुढे एका टप्प्याचे २५ मिनिटं लिहिले. मी मान हलवली. नंतर घरी मोजलं तर मला ४६ मिनिटं लागली. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "काकू, तुम्ही पैसे जमवाचं पाहा, धावाचं आमच्यावर सोडा. तुमच्या जागेवर एक पोरगा आहे." पहिल्या तीन टीमला ढाल आहे ना. सासूबाई म्हणतात, "या वयात कायले धावतं वं माय, वावरात का कमी चालतं?" टी-शर्ट आणि गाडीचं डिझेल जमलेल्या पैशातून काढायचं, असंही पोरांचं ठरत आहे.

आणखी एक. गरोदरपणात माझी टेस्ट एएस आली होती, म्हणजे मी सिकलसेलची वाहक आहे. टीममध्ये कोणाला सांगितलं नाही. मी नाव मागे घेऊ का? घेतलं तर लोकांचे पैसे परत करावे लागतील का?

— एक सेविका

उत्तर

ताई,

नाव मागे घेऊ नका. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, ती आधी बोलते. त्या पोरानं पंचवीस लिहिलं आणि तुम्ही मान हलवली. सगळा घोळ तिथून सुरू झाला. तुम्ही हळू धावता याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मी हे शहाणपणानं सांगत नाही, पस्तावून सांगते. मी पन्नाशीत धावायला लागले. काही वर्षांपूर्वी यवतमाळकडच्या एका रिलेत होते. माझा टप्पा विचारला तेव्हा मी पस्तीस मिनिटं सांगितली. खरे लागायचे पन्नासच्या वर, पण समोर तरणी पोरं बसलेली, जीभ रेटली नाही. डिसेंबरची रात्र, पहाटेचे तीन. पुढचा मुलगा माझ्या हिशेबानं स्वेटर काढून, अंग गरम करून फाट्यावर उभा राहिला. मी पोचले ते सतरा मिनिटं उशिरा. तोवर त्याच्या अंगावरचा घाम गार पडलेला. एक किलोमीटर गेला असेल नसेल, पोटरी धरली. उरलेले चार तो लंगडत गेला. मला एका शब्दानं बोलला नाही, आणि त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

रिलेमध्ये हळू माणूस चालतो. चुकीचा आकडा चालत नाही, कारण त्या आकड्यावर अंधारात कोणीतरी उभं असतं.

आता तुमच्या कॅप्टनचा हिशेब कागदावर मांडून पाहू. वीस टप्पे, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, म्हणजे ५०० मिनिटं. आठ तास वीस मिनिटं. रात्री आठला निघून पहाटे चार वीसला सेवाग्राम. ही पोरं सराव कशाचा करतात? भरतीच्या १६०० मीटरचा. तेवढं अंतर ती वाऱ्यासारखी कापत असतील, मला शंका नाही. पण १६०० मीटर धावणारा पाय पाच किलोमीटरला तोच राहत नाही. आणि पाच किलोमीटर धावून, छोट्या हत्तीच्या डाल्यात चार-पाच तास हुडहुडत बसून, रात्री दोनला पुन्हा पाच किलोमीटर धावणारा पाय तर वेगळाच असतो. नऊ जणांची दोन्ही टप्प्यांची सरासरी किलोमीटरला सहा मिनिटं पडली तरी मी म्हणेन पोरं चांगली धावली. तशी धरली तर त्यांच्या नव्वद किलोमीटरला ५४० मिनिटं. तुमचे पहिल्या टप्प्याचे ४६ आणि दुसऱ्याचे, थकवा धरून, ५०. बेरीज ६३६. दहा तास छत्तीस मिनिटं.

म्हणजे कॅप्टनच्या कागदापेक्षा टीम १३६ मिनिटं मागे पडते. त्यातली तुमची ४६ आणि नऊ पोरांची मिळून नव्वद! आणि तुमच्याऐवजी तो नवा पोरगा घेतला तरी वाचतात किती? छत्तीस मिनिटं. दहा तासांच्या वाटेत छत्तीस मिनिटं. ढाल त्यावर मिळेल की नाही, ते बाकीच्या टीम ठरवतील. पण "काकूमुळे टीम मागे पडते" हे वाक्य गणितात बसत नाही. हा कागद त्या पोराला दाखवा. भांडणासाठी नाही. त्याच्या नऊ जणांपैकी कोणी दोन टप्पे एका रात्रीत धावून पाहिले आहेत का, एवढंच विचारा. बहुतेक कोणी पाहिले नसतील.

तुम्ही मात्र आधी पाहून घ्या. येत्या दोन आठवड्यांत एक दिवस असा काढा की संध्याकाळी अंगणवाडी, घर, स्वयंपाक आटोपून पाच किलोमीटर धावायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पाच. अंतर पांदणीत अंदाजानं मोजू नका, मोबाईलवरही सगळा भरवसा नको. डांबरी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर मोजा. निघाल्या दगडाच्या पुढच्या पाचव्या दगडापर्यंत. सोबत कोणाला तरी सायकलवर घ्या. दुसऱ्या दिवशीचा जो वेळ येईल, तो तुमचा खरा वेळ. ५० येईल, कदाचित ५४ येईल. जो येईल तो कॅप्टनला सांगा, लाजू नका आणि दोन मिनिटं कमीही करू नका. "बापू, मले पयल्या खेपेले सेहेचाळीस लागते, दुसऱ्या खेपेले पन्नास. त्याच्यात एक मिनिटबी इकडंतिकडं होणार नाही." असा भरवशाचा आकडा देणारा माणूस टीममध्ये असला तर कॅप्टनला झोप लागते. (एकोणचाळीसला "काकू" म्हणतात याचा राग धरू नका. मला ते आजी म्हणतात.)

मग दहावा नंबर मागून घ्या. हट्टानं मागा. दहाव्या नंबरचे टप्पे म्हणजे पंचेचाळीस ते पन्नास आणि पंच्याण्णव ते शंभर किलोमीटर. पहिला येतो आर्वीच्या पुढे, रात्री साडेबारा-एकच्या सुमारास. तुमचं गाव आर्वी तालुक्यातलं, म्हणजे मोझरीपासून गाडीत हाल काढण्याची गरज नाही. घरी जेवा, अकरापर्यंत पडा, मग कोणी आर्वीपर्यंत सोडून देईल. आणि शेवटचा टप्पा तुमचा असला की तुमच्यानंतर फाट्यावर कोणी उभं नसतं. तुम्हाला पन्नासच्या जागी पंचावन्न लागले तर थंडीत कुणाची पोटरी धरत नाही. शिवाय तो वर्ध्याकडून सेवाग्रामचा रस्ता, सकाळचे सहा वाजत आलेले, झुंजुमुंजू होत असलेलं. शेवट करण्याचा मान पोरांना हवा असेल, तर शेवटचे दोनशे मीटर सगळ्यांनी सोबत धावा. दुपट्टा मात्र तुमच्या हातात राहील.

मधला खरांगण्याकडचा पट्टा जंगलाचा आहे, तुम्हाला माहीतच आहे. तिथं कोणाचाही टप्पा असो, गाडी धावणाऱ्याच्या मागेच चालली पाहिजे, पुढे फाट्यावर जाऊन थांबायची नाही. आणि जानेवारी म्हणजे जिनिंगचा हंगाम. कापसानं लादलेल्या ट्रॉल्या रात्रीच्या निघतात, अर्ध्यांना मागचा लाल दिवा नसतो, कापूस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर फुगलेला. मोझरी ते तळेगाव तर सगळा राष्ट्रीय महामार्ग. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून धावणाऱ्यानं उजवीकडून, येणाऱ्या गाडीच्या तोंडासमोर धावायचं, म्हणजे दिवे दिसतात. चमकणारी जाकिटं आणि डोक्याला बांधायची बॅटरी संस्था देते का ते आत्ताच विचारा. देत नसेल तर ढालीचे पैसे वाचवून ती घ्या म्हणावं.

आता एएसचं. हे मी हलकं घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. पण घाबरू पण नका. सिकलसेलबद्दल तुम्ही मला शिकवाल इतक्या घरी तुम्ही जाऊन आला असाल: आई-बाप दोघं एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता एसएसची. एएस म्हणजे वाहक. वाहक माणसं शेतं करतात, ओझी उचलतात, धावतात. बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. धोका एका ठिकाणी असतो: सराव नसताना एकदम जीव तोडून धावलं, अंगात पाणी कमी असलं, ऊन असलं, ताप किंवा हगवणीतून नुकतं उठलं असलं, तर वाहकाचंही रक्त बिघडू शकतं, स्नायू खराब होऊ शकतात. आणि हे बहुतेक जोर लावणाऱ्याला होतं, सावकाश धावणाऱ्याला कमी. तुमची ती ४६ मिनिटं इथं तुमच्याच कामी येतात.

तरी तीन गोष्टी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दोन टप्प्यांचं सांगून विचारा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. जगाला लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या सेविकेचं स्वतःचं एचबी किती, हे तिला बहुतेक ठाऊक नसतं, असा माझा अनुभव आहे. दुसरं, कॅप्टनला सांगा. सगळ्या टीमला नको वाटत असेल तर नको, पण कॅप्टन आणि गाडी चालवणारा, या दोघांना माहीत हवं. मांड्या गोळा येऊन दुखत नाहीत, पण अचानक गळून जातात, पाय उचलत नाही, श्वास लागतो, असं झालं तर ती नेहमीची दमणूक समजायची नाही. थांबायचं, बसायचं, पाणी द्यायचं, गाडीत घालून दवाखाना. तिथं पोचताच "एएस आहे" हे पहिलं वाक्य. धावल्यानंतर लघवी लाल किंवा चहासारखी झाली तरीही तेच. तिसरं, आदल्या दोन दिवसांत पाणी मुद्दाम जास्त प्या. थंडीत तहान लागत नाही, आणि आपल्या बाया रस्त्यानं लघवीची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्या रात्री हे करू नका. कुठं थांबता येईल ते आधी ठरवा: तळेगाव, आर्वी, खरांगणा, वर्धा. टीममध्ये एकटी बाई आहात, म्हणून ही गोष्ट कॅप्टनच्या डोक्यात येणारच नाही. तुम्हीच बोला.

लपवलेलं एएस आणि लपवलेली ४६ मिनिटं, ताई, माझ्या नजरेत एकच आहेत.

भाचीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला तीच डोळ्यांसमोर येते. हौसेनं तिला मोझरीला निघताना उभं करायला नेतील. नेऊ देऊ नका. एसएसच्या लेकराला थंडी, जागरण आणि पाणी कमी पडणं, या तिन्हींनी दुखणं उठू शकतं, आणि त्या रात्री रस्त्यावर तिन्ही असणार. ज्यांच्यासाठी धाव, त्यांनाच दवाखान्यात पाठवून कसं चालेल? तिला सेवाग्रामला आणा, ऊन वर आल्यावर, स्वेटर-मफलर घालून, हातात पाण्याची बाटली देऊन. तुम्ही येऊन बसाल, चहा प्याल, तेव्हा.

पैशाचं उत्तर सोपं आहे आणि थोडं कडकही. कापूस वेचणाऱ्या बाईनं तुम्हाला वीस रुपये दिले ते तुमच्या वेगासाठी दिले नाहीत. ती सिकलसेलच्या लेकरासाठी देऊन मोकळी झाली. तुम्ही धावा, चाला, की घरी बसा, ते पैसे परत करायचे नसतात, ते पोचवायचे असतात. म्हणून नाव मागे घेतलं तरी परतीचा प्रश्न येत नाही.

आणि म्हणूनच त्यातून डिझेल निघत नाही. टी-शर्ट तर मुळीच नाही. पोरांची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यांना वाटतं धावेचा खर्च धावेच्या पैशातून. पण ज्या बाईनं वीस रुपये दिले तिला कोणी विचारलं का, तुझ्या वीसमधले आठ डिझेलला चालतील का म्हणून? गाडगेबाबांचा जन्म याच मुलखातला. लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः चिंध्या पांघरून फिरले. दहा माणसांत डिझेल वाटलं तर डोक्याला थोडेच रुपये येतील, तेवढे काढा. नसेल जमत तर गावात वेगळं मागा, "हे गाडीसाठी" असं तोंडावर सांगून. देतात लोक. टी-शर्टशिवाय धावता येतं. भरतीचा सराव ही पोरं कुठल्या टी-शर्टात करतात?

एक वही करा. नाव, रक्कम, तारीख, सही किंवा अंगठा. १८,४०० पूर्ण संस्थेकडे जमा करा आणि पावत्या मागा, वीस रुपयांच्याही. ज्याला आयकरात सूट हवी असेल, एखादा मास्तर किंवा दुकानदार, त्यानं संस्थेकडे त्या सुटीची पावती मिळते का विचारावं, आणि दोन हजारांच्या वरची रक्कम रोख देऊ नये, रोखीला ती सूट मिळत नाही. बाकी सगळ्यांसाठी वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कॅप्टनला हे आवडणार नाही कदाचित. लावा तरीही.

सरावाचं थोडक्यात, कारण सात आठवडे आहेत आणि तुम्ही धावायला लागलाच आहात. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट झपझप चालायचं, पुन्हा चार. त्या रात्रीही असंच करा, यात कमीपणा काही नाही. उलट शेवटच्या किलोमीटरला तुम्ही पोरांपेक्षा ताज्या असाल. बूट आत्ता घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून, म्हणजे जानेवारीपर्यंत पायाला बसतील. आतले कपडे धावण्याचे वेगळे मिळतात, ते घ्या. साध्यांनी काचून जखमा होतात, आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही. काखेत, मांड्यांना खोबरेल तेल. दोन टप्प्यांच्या मध्ये ओला टी-शर्ट लगेच बदला, डोक्यावरून शाल घ्या, आणि गाडीत मांडी घालून बसू नका, टोंगळे आखडतात. दर अर्ध्या तासानं उतरून दहा पावलं चाला. खायला नवं काही नको. गूळ, शेंगदाणे, केळं, मिठाचा खडा टाकलेलं लिंबूपाणी. संत्री तर त्या दिवसांत आपल्याकडे रस्त्याच्या कडेला ढिगानं असतात, पण धावण्याआधी खाऊ नका, पोटात आंबट होतं. धावून झाल्यावर हव्या तेवढ्या खा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या म्हणतात ते खोटं कुठं आहे? कापूस वेचताना त्या तुमच्या वयात किती चालल्या असतील, आणि त्याला कोणी टाळी वाजवली नाही. त्यांना त्या सायकलवाल्या सोबत्याच्या जागी बसवता आलं तर बघा. नाही, सायकलवर नाही! धुऱ्यावर, खाट टाकून, हातात घड्याळ देऊन. तुम्ही निघालात की वेळ त्यांनी बघायचा, पोचलात की त्यांनीच सांगायचा. माझ्या सासूबाईंना मी हे काम दिलं होतं. आठवडाभरात त्या मला ओरडायला लागल्या, "काल दोन मिनिटं कमी होते, आज काय झालं?"

धाव झाली की मला पुन्हा लिहा. दोन्ही टप्प्यांचे वेळ लिहा, सेकंदांसकट.